बालेंदिनच्या मापाची सायकल

बालेंदिनशी मी सध्या बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढे त्याच्याबद्दल जे येईल त्याला कोणी चहाडी म्हणायला नको. चहाडी मला आवडते, ती मी हसत करते. आज हसू येत नाहीये.

बालेंदिन आमच्या बंदरात मासळीचा लिलाव पुकारतो. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं, आणि कित्येक वर्षं सायकल मंडळाचा अध्यक्ष. आमच्या बास्क मुलखात नगराध्यक्षाला लोक रस्त्यात अडवून शिव्या घालतात; सायकल मंडळाच्या अध्यक्षाला अडवून फक्त विचारतात, रविवारी किती वाजता निघायचं. एवढा मान मिळाला की माणूस बिघडतो. हा तर आधीच थोडा आंबलेला होता.

आता कार्मेले. धक्क्यावर आम्ही बायका जाळी शिवतो, त्यात ती माझ्या शेजारी बसते. जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचं, सुई घालायची, गाठ मारायची, पुढे सरकायचं. पन्नाशी ओलांडली तिने. लग्न केलं नाही. केलं असतं तर कोणाशी, ते मला ठाऊक आहे, पण आज तो विषय नाही.

गेल्या हिवाळ्यात ती भावाच्या ट्रकमधून आरेचूचा घाट चढून आली आणि दिवसभर सुई हातात धरून घाटाकडेच बघत होती. मग एकदम म्हणाली, "फेलिसामावशी, घाटावरून आपलं अख्खं बंदर रुमालाएवढं दिसतं. आणि आपण जन्मभर त्या रुमालाच्या एका कोपऱ्यात मान खाली घालून बसलोय."

"मग काय, आता रोज भावाच्या ट्रकमधून जाणारेस?"

"नाही. स्वतःच्या पायांनी जायचंय. सायकल घेते. वाकड्या हँडलची, या लोकांची असते तशी."

एवढंच तिला हवं होतं. घाट चढायचा, वरून समुद्र बघायचा, खाली यायचं. कोणाला हरवायचं नव्हतं, कोणाला दाखवायचं नव्हतं. पण बाईने चूक केली. कोणती सायकल घ्यावी, हे तिने मंडळाच्या बारमध्ये जाऊन विचारलं.

आमच्या पुरुषांना हा प्रश्न विचारणं म्हणजे मांजरांच्या घोळक्यात बांगडा टाकणं. मी तिथे होते. एक म्हणाला कार्बनचीच फ्रेम घे, अ‍ॅल्युमिनियमने दात खिळखिळे होतात. दुसरा म्हणाला पोलाद, बाकी सगळा प्लॅस्टिकचा बाजार. तिसरा गिअरच्या दात्यांवर बोलायला लागला तो बिअर गरम झाली तरी थांबेना. तुला जायचंय कुठे, तुझ्याकडे पैसे किती आहेत, हे एकानेही विचारलं नाही. आणि तिच्या उंचीकडे कोणी बघितलं नाही. कार्मेले उभी राहिली की बालेंदिनच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचते.

शेवटी अध्यक्ष बोलले. "दुकानात जाऊन कशाला लुबाडून घेतेस? माझी जुनी आहे ना घरात. कार्बनची. सातशे युरो दे आणि घेऊन जा. दुसऱ्या कोणाला दिली नसती."

मी सायकल बघितली आणि म्हटलं, "ही तुला मोठी होते गं."

"सीट खाली केली की झाली तिच्या मापाची," बालेंदिन म्हणाला. "मावशी, तुम्ही जाळी शिवा."

हे वाक्य मी विसरलेले नाही.

तर सीट तळाला गेली, पण हँडल काही जवळ आलं नाही. कार्मेले त्या सायकलवर बसली की टेबलाच्या पलीकडचं मीठ घ्यायला वाकलेल्या पाहुणीसारखी दिसायची. हात ताणलेले, खांदे कानांना टेकलेले, अंगाचा सगळा भार तळव्यांवर. तरी दर रविवारी निघायची. आणि दर रविवारी शेवटी पोचायची.

आता मंडळाचा नियम ऐका. घाटमाथ्यावर पास्कुआलाची खानावळ आहे. तिथे थांबून सगळे तळलेली अंडी, चोरिझो सॉसेज आणि हिरव्या मिरच्या खातात, वर चाकोली वाइनचा एकेक पेला. जो शेवटी पोचेल त्याने सगळ्यांचं द्यायचं. नियम जुना आहे आणि बरोबरीच्या माणसांत गमतीचाही आहे; आज तू, उद्या मी. पण एकच माणूस कायम शेवटी असेल तर ती गंमत कुठली? अख्खा वसंत ऋतू त्या टोळीने कार्मेलेच्या पैशाने अंडी खाल्ली. पूर्वी एक चोरिझो दोघांत वाटून घेणारे आता एकेक अख्खा मागवू लागले. हे मला खुद्द पास्कुआलाने सांगितलं, आणि ती कमी सांगते, वाढवून नाही.

"अगं, नियम मोड. देऊ नकोस," मी म्हणायची.

"मावशी, सगळे देतात. मी बाई म्हणून सूट मागू?"

"सगळ्यांनी कधी दिलेत या वर्षी?"

ती सुई चालवत राहायची. पण सुईसुद्धा नीट चालेना. सोमवारी तिची बोटं बधिर असत. करंगळीला मुंग्या, अंगठ्यात जोर नाही. सुई हातातून पडायची, आणि ती अशी उचलायची की जणू मुद्दाम टाकली होती. मग एक जाळं बोटीवरून परत आलं, गाठी सुटलेलं. अँचोव्ही मासळी त्यातून हसत निघून गेली असणार. बोटीच्या तांडेलाने धक्क्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "हा कोणाचा हात?" कार्मेले लाल झाली. तिच्या गाठीला असं विचारलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी ती म्हणाली, "हा एक रविवार जाते. मग सायकल विकून टाकते. माझं अंगच या कामाचं नाही. हात गेले तर खाऊ काय?"

बोटं बधिर होतात हे तिने बालेंदिनच्याही कानावर घातलं होतं. तो म्हणाला, "सायकल म्हणजे सोसणं. सवय होईल." स्वतः घाटात दोनदा थांबतो, चेन बघायच्या निमित्ताने.

तर तो रविवार. पास्कुआलाकडची अंडी झाली, कार्मेलेने नेहमीसारखे पैसे दिले, निघताना तिच्या सायकलची चेन तुटली. घरी यायला अजून एक चढ बाकी. नशिबाने चोमिन, आमचा औषधवाला, मिरच्या जास्त खाऊन पोट धरून बसला होता. त्याने बायकोला गाडी घेऊन बोलावलं. गाडीत सायकल एकच मावणार. तो म्हणाला, "तुझी मोडकी मी गाडीतून नेतो. तू माझी चालवत ये."

चोमिन आणि कार्मेले उंचीला अगदी सारखे; एकमेकांचा कोट घालावा. चोमिनच्या सायकलीचं एक गुपित होतं. फ्रेमवरच्या नावावर त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. विचारलं तर म्हणायचा, रंग उडालाय.

दुपारी मी धक्क्यावर होते. कार्मेले उतारावरून आली ती सरळ माझ्यापाशी. घामाने निथळत होती आणि चेहरा असा की मला वाटलं लॉटरी लागली.

"मावशी, हात," ती म्हणाली, आणि दहाही बोटं माझ्या नाकासमोर नाचवली. "काही नाही. मुंग्या नाहीत. मान दुखत नाही. सीटवर बसले तर हँडल आपणहून हाताखाली आलं. चढावर गाणं म्हटलं मी."

"तुझं गाणं ऐकून बाकीचे पुढे पळाले असतील."

"बाकीचे मागे होते."

अख्खा वसंत ऋतू ही बाई स्वतःच्या अंगाला दोष देत होती.

सोमवारी काम संपवून सायकल परत द्यायला आम्ही दोघी चोमिनच्या दुकानात गेलो. मी कशाला गेले? खोकल्याचं औषध घ्यायला. खोकला मला नव्हता.

कार्मेलेने विचारलं, "चोमिन, ही केवढ्याची?"

त्याने आधी दार लोटलं. मग पुटपुटला, "साडेपाचशे. बिल्बाओ शहरातल्या त्या मोठ्या खेळाच्या दुकानातली. सगळ्यात स्वस्त. कोणाला सांगू नकोस."

"पट्टी त्याच्यासाठी?"

"औषधवाला माणूस, बाई. लोक काय म्हणतील."

"आणि माझी?"

चोमिन डब्या रचायला लागला. रचलेल्याच डब्या. "तुझी तुझ्या मापाची नाही. तीन मापं मोठी आहे."

"बालेंदिनला माहीत होतं?"

त्याचं तोंड बघूनच मला कळलं. मी म्हटलं, "बोल, नाहीतर तुझी पट्टी मी धक्क्यावर सगळ्यांसमोर सोडते."

"तो टेबलावर म्हणाला होता," चोमिन म्हणाला. "पहिल्याच रविवारी. बाई फार टिकायची नाही, तोवर अंडी खाऊन घ्या."

मला काउंटरवरची खोकल्याची बाटली त्याच्या डोक्यात घालावीशी वाटत होती. कार्मेले म्हणाली, "आणि तू काय केलंस?"

"मी... खाल्ली अंडी."

एवढं तरी खरं बोलला. म्हणून त्याची पट्टी मी आजवर सांभाळली. आता तुम्हीही सांभाळा.

पुढच्या आठवड्यात आम्ही बसने बिल्बाओला. कार्मेले आता वेगळीच बाई होती. विक्रेता तिला भिंतीवरच्या हजारो युरोंच्या सायकली दाखवत होता, ती म्हणाली, "बाळा, आधी मला बसव, मग किंमत सांग." एकेका सायकलवर बसली, कोपरं सैल राहतात का ते बघितलं. चढाला हलका गिअर मागितला, जरा रुंद टायर मागितले. "शर्यत नाही करायची, घाट चढायचाय," एवढं तिने त्याला चारदा ऐकवलं. शेवटी कोपऱ्यात एक मोहरीच्या पिवळ्या रंगाची निघाली. मागच्या वर्षीची, तो रंग कोणी घेईना म्हणून किंमत उतरवलेली. माप बरोबर.

"रंग भयंकर आहे," मी म्हटलं.

"घाटात शोधायला सोपं जाईल तुम्हाला."

रविवारी ती मंडळाबरोबर निघाली. बालेंदिन म्हणाला, "अरे वा, खेळणं घेतलंस? अ‍ॅल्युमिनियम? दात सांभाळ." तिने पेडलवर पाय ठेवला. घाट मधल्यांबरोबर चढली. पहिली आली नाही, उगाच कशाला खोटं सांगू. पण पास्कुआलाच्या दारात ती उतरलीच नाही. हात केला आणि तशीच आणखी वर, टेकडीवरच्या चॅपेलकडे गेली, जिथून समुद्र दिसतो. तिने तो मनसोक्त बघितला.

इकडे खानावळीत अंडी आली आणि पंचाईत झाली. शेवटचा कोण? सगळ्यांच्या मागून, चेन बघत बघत, बालेंदिन आला होता. त्याला आधी वाटलं कार्मेले अजून मागेच आहे. ती वर गेली हे कळल्यावर म्हणाला, "ती थांबली नाही म्हणजे मोजणीच चुकली. आज नियम लागू नाही." चोमिन म्हणाला, "लागू आहे." त्यावर जी जुंपली, अंडी थंड झाली तरी कोणी पाव मोडेना. पास्कुआलाने बिल बालेंदिनच्या ताटाखाली सरकवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

सगळे खाली बंदरात आले तर मंडळाच्या बारच्या दारापाशी अध्यक्षांची जुनी कार्बनची सायकल उभी. चेन नवी, सीट पुन्हा त्याच्या उंचीला चढवलेली, आणि दाराच्या गजाला जाळ्याच्या हिरव्या दोराने बांधलेली. तळापासून हँडलपर्यंत, गाठीवर गाठ. अर्धं दार अडलं. गाठी कोणी मारल्या ते मी सांगणार नाही. धक्क्यावर आम्ही बऱ्याच जणी आहोत.

बालेंदिन माझ्याकडे आला. "मावशी, ही सोडा."

"डोळे अधू झालेत रे. मला दिसत नाही गाठ."

"मग कापतो."

"काप की. तुझ्या भावाच्या बोटीचं जाळं याच आठवड्यात आमच्याकडे येतंय ना?"

त्याने कापलं नाही. बुधवारी एक पाकीट धक्क्यावर कार्मेलेच्या बसायच्या गादीवर पडलेलं सापडलं, सातशे युरो, वर नाव नाही. तिने ते घेतलं. मी म्हटलं, आणि अंड्यांचे पैसे? ती म्हणाली, राहू द्या, त्यांनी ती खाल्ली तेव्हा मी पण तिथे बसले होते. तिला राग टिकवता येत नाही. मला येतो.

माझी अट एकच: मंडळात उभं राहून त्याने म्हणायचं, "सायकल मोठी होती. मला ते माहीत होतं." दोन वाक्यं. लिलावात दिवसभर ओरडणाऱ्या माणसाला ती जड जातायत. तोवर सायकल दारात. टायर बसलेत, चेनला गंज चढलाय, अध्यक्ष पोट आत घेऊन आडवे आत शिरतात.

आज सकाळी आरेचूच्या वळणावर मोहरीच्या रंगाचा ठिपका दिसला. मी सुई उंचावून दाखवली. तेवढ्यात बालेंदिन समोरून गेला, "नमस्कार, मावशी" म्हणाला.

मी जाळी शिवत होते.