योगिनी समुद्रातल्या चक्कीवर चढली त्याची हकिकत

योगिनीनं फॉर्मवर 'हो'च्या चौकटीत खूण केली तेव्हा आपण धडधडीत खोटं बोलतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. प्रश्न साधाच होता. पाण्यात सहज वावरता येतं का? आणि ही पिशोरची, मेंढपाळाची मुलगी. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात पाणी तिच्या घोट्याच्या वर दोनदा-तीनदाच आलेलं, तेही ओढ्यात. त्यात साल होतं २०१९चं. एप्रिलमध्येच गावाकडं विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि ती राहायची त्या बजाजनगरला नळ आठवड्यातून एकदा यायचा.

ती आमच्या वाळूजच्या कारखान्यात बोल्ट तपासायची. आमचे बोल्ट कोपरापासून बोटांपर्यंत लांब आणि मनगटाहून जाड. आधी ते डोंगरावरच्या पवनचक्क्यांसाठी जायचे. मग इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्रातच चक्क्या उभ्या राहायला लागल्या आणि आमच्याकडच्या पेट्यांवर परदेशी बंदरांची नावं दिसू लागली. समुद्रावर वारा दांडगा असतो, सलग असतो, आणि तिथं कुणाच्या शेताची हद्द आडवी येत नाही. दरवर्षी ऑर्डर वाढली, एक शिफ्ट होती तिच्या तीन झाल्या.

योगिनीचं काम असं : बोल्टच्या डोक्यावर छोटं यंत्र टेकवायचं. यंत्रातून आवाजाची लहर आत जाते, टोकाला धडकून परत येते, आणि बोल्टची लांबी केसाच्या जाडीहूनही बारीक मापात कळते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो. किती ताणला, यावर चक्कीचा सगळा भरवसा. त्या वर्षी गिऱ्हाईकानं कळवलं, ज्या हातानं कारखान्यात माप घेतलं त्याच हातानं समुद्रातही घ्यावं. माणूस पाठवा.

आमचे क्वालिटीचे इनचार्ज बुद्धभूषण सर फॉर्म घेऊन तिच्या टेबलापाशी आले.

"योगिनी, पोहता येतं ना?"

"येतं ना सर."

"पिशोरला कुठं शिकलीस?"

"विहिरीत," ती म्हणाली, आणि कान लाल होईपर्यंत खाली मान घालून यंत्र पुसत राहिली.

चेन्नईच्या ट्रेनिंगला पाच आठवडे होते. तिथं समुद्री कामाचं प्रमाणपत्र मिळणार, पाण्यात उडी मारली तरच. शहरातल्या तरण तलावाला टंचाईमुळं कुलूप. तिनं ज्याला-त्याला विचारून पाहिलं, आणि शेवटी बाजारात मासे विकणाऱ्या गोजरबाईंपुढं जाऊन उभी राहिली. गोजरबाई साठीच्या, जायकवाडी धरणाच्या पाण्याकाठी राहणाऱ्या.

"मावशी, मासे नको. मला पोहायला शिकवा."

गोजरबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जीवबिव द्यायचा इचार नाय ना?"

"नाय वं मावशी. नोकरीसाठी शिकायचंय."

"कसली नोकरी गं ही?" म्हणत त्यांनी तराजू बाजूला ठेवला. "रविवारी ये. डबा घिऊन ये, झाकणाचा."

योगिनी स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी घेऊन गेली. गोजरबाईंना तेलाचा रिकामा डबा हवा होता. पहिला रविवार हसण्यातच गेला.

धरणाचं पाणी इतकं मागं सरलं होतं की गाडी लावल्यावर भेगाळलेल्या गाळावरून अर्धा तास चालावं लागायचं. पण पुढं होतं ते पाणीच होतं, निळंशार, पलीकडचा काठ दिसणार नाही एवढं. तेलाचे दोन डबे कंबरेला बांधून गोजरबाई तिला आत ढकलायच्या आणि स्वतः नेसत्या लुगड्यानिशी शेजारी तरंगत राहायच्या, जणू बाजेवर पडल्यात.

"हातपाय आपटू नगंस. पाण्याला मारलं तर ते बी मारतं."

तिसऱ्या रविवारी एक डबा सुटला. चौथ्या रविवारी गोजरबाईंनी दुसरा गुपचूप सोडला आणि योगिनीला ते दहा हात पुढं गेल्यावर कळलं. ती तिथंच थांबून हसायला लागली. हसताना तोंडात पाणी गेलं, बुडाली, वर आली, पुन्हा हसली. त्या दिवशी घरी येताना स्कूटीवर तिचं गाणं चालू होतं आणि सिग्नलवर शेजारचा रिक्षावाला वळूनवळून बघत होता.

तिचे वडील सोनाजी तेव्हा मेंढरं घेऊन वाळूजच्या अलीकडंच उतरले होते. गावाकडं चारा उरला नव्हता. पूर्वी ज्या माळावर ते महिनाभर राहायचे तिथं आता प्लॉट पडले होते. हद्दीच्या पांढऱ्या दगडांमधून मेंढरं वाट काढत चरायची आणि सोनाजी दगड मोजत बसायचे. योगिनी ओल्या वेणीनं तिथं पोचली.

"आबा, मला पोहता येतं."

"कुठल्या पाण्यात?" सोनाजींनी विचारलं. त्यांना पोहण्यापेक्षा पाण्याचं नवल.

चेन्नईला ती पहिल्याच झटक्यात पास झाली. हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात उलटा करतात आणि त्यातून खिडकीवाटे बाहेर यायचं असतं. तीन धिप्पाड पुरुष घाबरून मागं फिरले. योगिनी बाहेर आली आणि प्रशिक्षकाला म्हणाली, "अजून एकदा करू का?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती इंग्लंडच्या त्या बंदरावर पोचली. बोटीचा तांडेल पीटर नावाचा म्हातारा होता. त्याचा बाप, आजा, सगळे मासेमारीतले. मासेमारी बसली तेव्हा गावातली निम्मी घरं बंद पडली होती, त्यानं सांगितलं. मग चक्क्या आल्या. "वीस वर्षांपूर्वी या सगळ्या किनाऱ्याला पहिल्या दोन लागल्या, तेव्हा आम्ही हसलो होतो. आता देशभरात दोन हजारांच्या आसपास असतील. माझी मुलगी चक्कीवर काम करते, जावई चक्कीवर काम करतो, आणि मी त्यांना पोचवतो."

बोट सुटली. तासाभरात योगिनीनं सकाळचं सगळं खाणं समुद्राला दिलं. मग तोंड पुसून वर पाहिलं तर समोर चक्क्याच चक्क्या. पांढऱ्या, सरळ, पाण्यातून निघालेल्या, ओळीत उभ्या. तिनं सवयीनं मोजायला सुरुवात केली, एक्क्याऐंशीवर गोंधळली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

चक्कीच्या शिडीवर जायला बोट पायथ्याला नाक टेकवून उभी राहते. लाटेबरोबर ती वरखाली होत असते. लाट वर आली की क्षणभर थांबते, तेव्हाच पाऊल टाकायचं. पीटर मागून म्हणाला, "मी सांगेन तेव्हा." त्यानं सांगायच्या आधीच योगिनीला तो क्षण कळला. ती शिडीवर होती, खाली बोट माणूसभर खोल गेली होती, आणि ती कंबरेच्या सुरक्षा पट्ट्याला लटकल्या-लटकल्या खिदळत होती. वरच्या माणसांना वाटलं घाबरून रडतेय. त्यांनी हात दिला तेव्हा त्यांच्याही तोंडावर हसू आलं.

आत मनोऱ्याच्या तळाशी गोल रिंगणात बोल्ट, सव्वाशेच्या वर. आवळून झालेले. योगिनीनं यंत्र टेकवलं. पहिला बोल्ट कमी ताणलेला. दुसरा कमी. दहावाही कमी. तिथल्या कामगारांचा मुकादम गंभीर झाला. सगळे बोल्ट ढिले असतील तर काम थांबवावं लागेल, चक्क्या उभारणारं जहाज अडकून पडेल. त्यानं रेडिओ हातात घेतला.

"एक मिनिट," योगिनी म्हणाली. तिचे कान गरम झाले होते. सगळेच सारखेच कमी कसे? तिनं बोल्टवर उघडा तळहात ठेवला. गार पडलेला. मग तिनं यंत्राच्या पडद्यावर खाली पाहिलं. तापमान : चाळीस. वाळूजला शेवटचं माप घेतलं तेव्हाचं. पोलाद थंडीत आखडतं, लहरीचा वेगही बदलतो, आणि इथं बारा अंश होते. यंत्रात अजून वाळूजचा उन्हाळा चालू होता.

"चूक माझी आहे," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "बोल्ट चांगला. मी आकडा बदलला नाही." तिनं बारा भरले आणि पुन्हा यंत्र टेकवलं. बरोबर. दुसरा बरोबर. दहावाही बरोबर. मुकादमानं रेडिओ खिशात टाकला. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडं खरंच चाळीस असतं? तिनं मान हलवली आणि ते सगळे तिच्याकडं अशा आदरानं बघायला लागले की तिला पुन्हा हसू फुटलं.

सगळे बोल्ट मोजून व्हायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी काम आटोपल्यावर मुकादम म्हणाला, वर बघायचंय? आतल्या लिफ्टनं ते शंभर मीटर वर गेले, पट्टे अडकवून छतावर निघाले. पाती थांबवलेली होती. वारा इतका की शब्द तोंडातून निघायच्या आधी उडून जात होता. चहूकडं पाणी. छत हळूच डुलत होतं, तिच्या डोक्यात सगळं गरगरत होतं, आणि तिला ते थांबूच नये असं वाटत होतं. तिनं दोन्ही हात पसरले. मुकादमानं पट्टा पुन्हा एकदा तपासला.

चक्कीवर इंटरनेट होतं. खाली आल्यावर तिनं सोनाजींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, टँकरची वाट बघत ते रस्त्याच्या कडेला बसले होते. तिनं फोन दारातून बाहेर धरला.

सोनाजींनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "हे समदं पाणीच हाय?"

"व्हय आबा."

"पिता येतं का?"

"नाय. खारं हाय."

"मंग काय करायचं त्याचं?"

"त्याच्यावरच्या वाऱ्याची वीज करतेत, आबा."

सोनाजींनी मान डोलावली. "वारा हितं बी लई सुटलाय. धुरळा नुसता," ते म्हणाले. "तू जेवली का, माय?"

"दोनदा जेवले. एकदा राहिलं, एकदा नाय," योगिनी म्हणाली, आणि बापलेक दोघंही, एकमेकांपासून हजारो मैलांवर, फोनवर पोट धरून हसले.

ती परत आली ती तीन आठवड्यांनी. त्यानंतर आमच्याकडून दरवर्षी दोघं-तिघं समुद्रावर जातात, आणि कोण जाणार हे योगिनी ठरवते. बुद्धभूषण सरांना तिनं विहिरीची खरी गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. आता फॉर्म भरायच्या आधीच ती नव्या माणसाला स्कूटीवर मागं बसवते आणि गोजरबाईंकडं सोडून येते.