लाल शाईची शाळा

गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि मी नुकताच आमच्या घरातला शहाणा माणूस झालो होतो. सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या चिठ्ठ्या फाडायची नोकरी मला लागली होती, तेव्हा कागदपत्रांतलं सगळं मला कळतं असा आईचा ठाम समज. तो मी कधी मोडला नाही. शनिवारी कोरगावला घरी आलो की चहाच्या आधी कागद पुढे यायचे.

त्यातच धाकट्या बहिणीच्या शाळेचा प्रश्न आला. तिला आम्ही बाय म्हणायचो. नववीत सांधेतापानं तिचे पाय धरले, डोंगराआडच्या शाळेपर्यंतचं चालणं डॉक्टरांनी बंद केलं, तेव्हापासून ती घरीच शिकत होती. भाषा, इतिहास तिचं ती वाचायची. गणित मी शिकवायचो. बिचारीचं नशीब. तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी दहावीचा दाखला हवा, आणि तोही सरकार मान्य करील असा.

टपालानं शिकवणाऱ्या दोन शाळांची माहिती मी मागवली. एक दूर उत्तरेकडची, गुळगुळीत पुस्तिका, पानापानावर मान्यतेचे शिक्के. दुसरी बेळगावची. तिचे धडे मराठीत, हातानं लिहून छापलेले, आणि पाकीट उघडलं की ताज्या शाईचा वास. पुस्तिका नीट वाचायची सोडून मी म्हणालो, "देवाला कौल लावूया."

आमच्याकडे लग्न, विहीर, कोर्टकचेरी सगळं असंच ठरतं. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळातल्या गुरवानं पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "प्रश्न काय?" मी भारदस्तपणे सांगितलं, "बेळगावच्या शाळेत बाय नीट शिकेल का?"

गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा..." एवढंच. उजवी पाकळी पडली. जमलेल्यांचं "व्हय म्हाराजा" तोंडातच राहिलं. गुरव पाकळीकडे बघत म्हणाला, "पुरता आयकूच्या आधीच देवान जबाब दिल्यान. असा कधी जायत नाय." मी मात्र खूश. देवालाही आमची घाई कळते, असं म्हणून परतलो.

बाय उत्तरं लिहून पाठवायची आणि ती लाल शाईत तपासून परत यायची. पहिल्याच खेपेला समासात लिहिलं होतं : 'दिवा उजवीकडे ठेवतेस. सावली अक्षरांवर पडते. डावीकडे ठेव.' कंदील खरोखरच उजवीकडे होता. मी म्हणालो, "अक्षरावरून ओळखलं असेल. मुरलेले मास्तर दिसतात." पुढच्या खेपेला : 'पाय लोंबते सोडून बसू नकोस. सुजतात.'

"दादा, माझ्या पायांचां तू लिवलंस?"

"लिहिलं असेन अर्जात," मी म्हणालो. मला आठवत नव्हतं, पण न आठवणं हे शहाण्या माणसाला शोभत नाही.

मग एका गणिताखाली आलं : 'हे उत्तर तुझं नाही. ज्यानं सांगितलं त्याला परत दे.' बायनं वही माझ्यासमोर धरली. "घे, परत." आई पदर तोंडाला लावून हसली. मी हसलो नाही. उत्तर माझंच होतं.

तरी एक गोष्ट खरी, बाय शिकत होती. इतकी की माझ्या चुका ती मी बोलायच्या आधीच खोडायची. परीक्षेचा अर्ज भरायची वेळ आली, तसा मी ऐटीत पणजीला शिक्षण खात्यात गेलो. खिडकीमागच्या कारकुनानं बेळगावच्या शाळेचं नाव दोनदा वाचलं.

"हिका मान्यता ना. कोणें सांगलें तुमकां ह्या शाळेंत घालूंक?"

तोंडातून गेलंच, "देवानं."

त्यानं चष्मा वर केला. "देवाक मान्यता आसा. शाळेक ना."

बायला हे कसं सांगायचं? सांगितलंच नाही. मान्यतेचा कागद बेळगावहून आणतो, अशी मनाची समजूत घालून दुसऱ्या दिवशी सावंतवाडीची गाडी धरली. आंबोलीच्या घाटात इतकं धुकं होतं की शेजारचा माणूससुद्धा अर्धाच दिसत होता. बेळगावात पत्ता विचारत विचारत एका बोळात पोचलो. दुपारची वेळ, पण बोळात आवाज नाही. शाळा म्हणजे एक बैठं घर, वर माळा. दार नुसतं लोटलेलं.

"कोण आहे का?"

आत एकच टेबल. डाव्या बाजूला दिवा, भर दुपारी जळणारा. दौतीचं झाकण उघडं, टाकाचं टोक ओलं. आणि समोर बायचा पेपर, अर्धा तपासलेला. वरच्या माळ्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी उठताना सरकते तशी. मग शांतता. उठलेला माणूस पाऊल टाकायचा थांबून ऐकत असावा, अशी शांतता.

माझी भाषणं तयार होती. मान्यता, फसवणूक, पोलीस, सगळं. ती तशीच घेऊन मी आलो तसा बाहेर पळालो. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, "त्या घरात गेला होतात?"

"कोण राहतं तिथे?"

"टपाल येतं, टपाल जातं," तो म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला.

घरी सांगितलं, शाळेला सुट्टी होती. आठवड्यानं टपाल आलं. बायनं पाकीट फोडलं आणि हळूच म्हणाली, "दादा, सुट्टी होती ना?" पेपर आता पुरता तपासलेला होता. शेवटी लिहिलं होतं : 'भावाला सांग, दार ओढून घ्यायला ते विसरले.'

तेव्हा सगळं सांगावं लागलं. पणजी, मान्यता, टेबल, खुर्ची. बायनं पेपर घडी घालून पाकिटात परत ठेवला. "म्हणजे ह्यां वर्ष गेलां," एवढंच म्हणाली. आईनं मात्र मला दंडाला धरून देवळात नेलं.

"देवान फसवल्यान आमका!" आई गुरवावर कडाडली.

गुरव शांतपणे म्हणाला, "फसवल्यान? देवाक काय इचारलेलात तुमी?"

"बाय नीट शिकेल का," मी पुटपुटलो.

"मगे? शिकता हा ती! दाखल्याचां कोणी इचारलां?"

घरी आलो तर गुळगुळीत पुस्तिका बायनं स्वतःच उघडून ठेवलेली. "परीक्षा हेंच्याकडची," ती म्हणाली, "पण शिकतलंय बेळगावाकडेच. आणि दादा, ह्या येळेक अर्ज मी वाचतलंय."

कौल कोणी लावला नाही. वर्षभर दोन्हीकडची पाकिटं येत राहिली. तिकडून नुसते गुण यायचे, बेळगावहून शब्द. पाय हळूहळू बरे झाले. म्हापशाच्या केंद्रावर बायनं परीक्षा दिली, पास झाली आणि नर्सिंगच्या वसतिगृहात गेली. जाण्याआधी बेळगावला आभाराचं पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. मला बरं वाटलं. संपलं एकदाचं.

पुढच्या शनिवारी घरी आलो तर टेबलावर पाकीट. ताज्या शाईचा वास. वर बायचं नाव नव्हतं, माझं होतं. आत सातवीच्या गणिताचा पहिला धडा, आणि समासात लाल शाईत एकच ओळ : 'आता तुम्ही.'

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणाचा टपाल रे?"

"माझंच," मी म्हणालो. कंदील डावीकडे सरकवला. बसायच्या आधी मागे वळून दार ओढून घेतलं.