दामिनीच्या युकुलेलेला स्टीलच्या तारा

चहा बशीत ओतून प्यायचे, पण बशीचा आवाज होऊ द्यायचे नाहीत. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची कडी हलवून बघायचे. बोलताना अंगठ्याने टेबलाची कड चाचपायचे. वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे.

गुलाबराव लांजेवार. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये फिटर होते, निवृत्तीनंतर मरोद्यात राहायचे. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे, मी त्यांना काका म्हणायचो, तरी आम्ही मित्र होतो. मंगळवारी सकाळी ते गेले. मला अजून ते खरं वाटत नाही.

त्यांची नात दामिनी. तिने ऑनलाइन एक युकुलेले मागवलं होतं, छोट्या गिटारसारखं, चार तारांचं. अगदी स्वस्तातलं. सूर टिकत नव्हता, दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटांना लागायची. काकांनी बारीक कानशीने टोकं घासली. खुंट्या कसल्या. मग मूळच्या नायलॉनच्या तारा छेडून हसले.

"हे तं मासोळ्या धरायची दोरी हाय. भिलाईत राहून प्लास्टिक लावू का?"

त्यांनी स्टीलच्या तारा लावल्या. आवाज खणखणीत झाला. दामिनी नाचलीच.

मराठी मंडळाच्या गणपतीत ती वाजवायला बसली. गाणं अर्ध्यावर आलं आणि तारा जिला बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी फाटकन उखडली. तार तिच्या मनगटाला लागली.

मागून कुणीतरी ओरडलं, "कावून गुलाबराव, नातीले रेल वाजवाले देली का?"

सगळे हसले. मंडळात पेटी वाजवणारे भैयालाल उठून स्टेजवर गेले. काकांचे मिलमधले जुने सोबती. त्यांनी युकुलेले उलटसुलट पाहिलं.

"याले नायलॉन लागते, स्टीलचा ताण झेपत नाही. कोण्या गाढवानं स्टील लावलं?"

"मीनंच लावलं," दामिनी म्हणाली. "आबाजी नाही म्हणून राहिले होते."

काका पहिल्या रांगेत होते. मान खाली घालून बसून राहिले.

घरी जाताना तीच त्यांना म्हणाली, "आबाजी, टेन्शन मत लो ना."

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ते माझ्याकडे बघेनात.

"पोरीनं माझं गाढवपण आपल्या अंगावर घेतलं, अन मी बसून राहिलो. मिलमधी माझ्या कामाले कोणी नाव नाही ठेवलं. तेच आडवं आलं बघ."

"मग आता सांगून टाका."

"सांगतो. बाजा सुधरू दे. तिले स्टेजवर बसवतो, अन सगळ्याइच्या समोर सांगतो."

त्यांनी जुना गोंद खरवडला, पट्टी चिकटवली, ती दाबून धरायला वर क्लॅम्प आवळला. दुर्गहून नायलॉनच्या तारा आणल्या. पुढच्या आठवड्यात मी विचारलं. "गोंद वाळू दे," म्हणाले. दसऱ्याला विचारलं. "वाळू दे." मंडळात जाणं त्यांनी बंद केलं होतं. भैयालाल रस्त्यात दिसले की काका वळून घरी यायचे. दामिनीने विचारणं सोडलं. मीही. तो गोंद एका रात्रीत वाळतो हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

काल घरच्यांना भेटायला गेलो. घरात माणसं होती, भैयालालही होते. कोपऱ्यातल्या टेबलावर युकुलेले पडलं होतं. पट्टी घट्ट बसलेली. क्लॅम्प अजून आवळलेलाच. बाजूला तारांचं पाकीट, न फोडलेलं.