सायडिंगचा इतिहास आणि बाबांचा हात

‘या लायनीवर आजवर एकही अपघात झालेला नाही.’ हे वाक्य माझ्या नावावर छापलं गेलंय. ते मी लिहिलेलं नाही. इतकी वर्षं उलटली, तरी ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मुलुंडला आमच्या चाळीमागे एका लोखंडाच्या कारखान्याची भिंत होती आणि भिंतीपलीकडे सायडिंग. मोठ्या रेल्वेमार्गापासून फुटलेला जेमतेम मैलभराचा रूळ. त्यावरून दगडी कोळसा आणि कच्चं लोखंड भट्टीपर्यंत यायचं. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत पुन्हा काळे व्हायचे, आणि आई मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बाबा हसायचे. “त्याच कोळशार आपला जेवान शिजता, गप रव.”

बाबा मालवणाकडून आले ते थेट या सायडिंगवर. इंजिन डबे ढकलत आणायचं. मग दोन डब्यांच्या मध्ये वाकून जड साखळी अडकवायची, हे त्यांचं काम. नियम असा की डबे पूर्ण थांबल्याशिवाय मध्ये शिरायचं नाही. मुकादमाचा नियम असा की भट्टी खोळंबता कामा नये. हे दोन्ही नियम एकाच वेळी पाळणारा माणूस अजून आईच्या पोटी जन्माला यायचाय. मी सातवीत होते. मुकादम ओरडला, बाबा शिरले, डबे थांबले नव्हते. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

दुसऱ्याच दिवशी इस्पितळात कारखान्याचा माणूस कागद घेऊन आला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. बाबांना सही येत होती, चांगली वळणदार. पण उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. सही येणाऱ्या माणसाचा अंगठा! नोकरी हवी तर अंगठा दे, असं सरळ. मग त्यांना सांधे बदलायच्या दांड्यावर ठेवलं. येणारा डबा कुठल्या रुळावर जाईल ते तो दांडा ओढून ठरवायचं. मेहरबानी केल्यासारखं.

मी पार्ल्याला कॉलेजात होते तेव्हा सायडिंगला पंचवीस वर्षं झाली. कामगार कल्याण अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. स्मरणिका निघणार होती. “तू मराठी घेऊन बीए करतेस ना? मग सायडिंगचा इतिहास तूच लिही.” मी हुरळून गेले. आठवडाभर संध्याकाळी गॅलरीत बसून बाबांकडून सगळं उतरवून घेतलं. आधी इथे भातखाचरं होती, कोळसा घाटकोपरहून बैलगाड्यांनी यायचा, पहिला डबा आला तेव्हा रूळच खचला आणि चाळीतल्या पोरांनी धक्का मारला. कोळसा मुठीत चुरून तो कुठल्या खाणीचा ते बाबा सांगायचे. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “बाय, माझो हात पण लिही. गाडी थांबली नव्हती, इतक्याच लिही.”

मी लिहिलं. पाचच ओळी, मुकादमाला एक शिवी न देता. अधिकाऱ्यांनी चहा पाजला आणि झकास झालंय म्हणाले.

छापून आलं तेव्हा त्या पाच ओळी गायब, आणि त्यांच्या जागी ते वाक्य. बाबांनी त्याच हाताच्या तर्जनीने एकेक ओळ लावत लेख वाचला. त्या वाक्यावर बोट थांबलं.

“ह्या तू लिवलंस?”

“नाही हो बाबा.”

“मग खाली नाव कोणाचा?”

मी तशीच अधिकाऱ्यांकडे गेले. ते हसले. “अगं, स्मरणिका म्हणजे लग्नपत्रिका. तिच्यात घरातली आजारपणं छापतात का? आणि तुझ्या बाबांनी अंगठा दिलाय, चूक माझी म्हणून. बाबांची चूक छापायची का तुला?” मी स्मरणिका उचलली आणि बाहेर पडले. त्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा आला. कॉलेजात वादविवाद स्पर्धेची ढाल मिळवणारी मी, तिथे मुकी!

खंडेनवमीला सायडिंगवर पूजा असायची. दांड्याला झेंडू, रुळाला हळदकुंकू, आणि नारळ बाबा फोडायचे. मग प्रसादाचं ताट पुढे करायचे, दोन्ही हात ताटाखाली, म्हणजे बोटं दिसत नसत. त्या वर्षी मालक स्वतः आले होते. माइकवरून अधिकाऱ्यांनी ते वाक्य वाचलं. टाळ्या पडल्या. ज्यांनी बाबांना उचलून इस्पितळात नेलं होतं, त्यांनीही वाजवल्या. नोकरी प्रत्येकालाच प्यारी.

बाबांनी नारळ फोडला. ताट खाली ठेवलं. खोबऱ्याचा तुकडा उजव्या हातात घेऊन मालकांच्या तळव्यावर ठेवला आणि हात मागे घेतलाच नाही.

“साहेब, माझी बोटां हयच गेली. गाडी थांबली नव्हती.”

माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. मालकांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं, अधिकारी म्हणाले, “चला, पुढचा कार्यक्रम.” मालकांनी तो तुकडा ड्रायव्हरच्या हातात दिला आणि रुमालाने तळवा पुसला. मी तिथेच उभी होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरी आल्यावर मी स्मरणिका काढली आणि पेन उघडलं. ते वाक्य खोडणार होते. बाबांनी माझं मनगट धरलं.

“वाक्य रवांदे. ता त्यांचा आसा. तुझा नाव खोड.”

मी नाव खोडलं, कागद फाटेपर्यंत. बाबांनी ती प्रत देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. बाकीच्या सगळ्या प्रतींवर माझं नाव तसंच आहे.