जनाबाईचे चार दिवस

सन १९५६, वैशाख महिना. मोहफूल संपून तेंदूपानाची तोड सुरू झाली होती. मी आरमोरीच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. शिक्षण चौथी. दवाखान्यात किस्से साचतात. रोगी बरा होऊन घरी जातो, किस्सा मागं राहतो. मी ते सांगत बसणारा माणूस नाही. पण त्या वर्षाचे सांगतो, कारण तेव्हा माझ्या डोक्यावर एक देणं होतं.

देणं पैशाचं नव्हतं. माझी बायको बाळंतपणात गेली तेव्हा पोरगी आठ दिवसांची होती. नदीकाठच्या ढिवरांच्या वस्तीतली जनाबाई तेव्हा ओली बाळंतीण. एका मांडीवर तिचा पोरगा, दुसऱ्या मांडीवर माझी पोरगी, असं तिनं अकरा महिने दूध पाजलं. मी लुगडं दिलं, तिनं परत केलं. तांदूळ पाठवले, परत आले. मला ताठ चालायची सवय. पण तिच्या दारावरून जाताना मान खाली जायची.

त्या वैशाखात जनाबाई छत्तीस वर्षांची होती. मासळीची टोपली घेऊन वैनगंगेची चढण चढताना तिच्या छातीत कळ निघायची, डावा हात जड व्हायचा. अर्ध्या वाटेत ती बसून जायची. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. लोहाचं औषध दिलं आणि परत पाठवलं.

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी असं का केलं ते पुढच्या दोन-तीन किस्स्यांवरून कळेल.

*

डॉक्टर नागपूरचे, नवे, पुस्तकं वाचणारे. आदल्या वर्षी एक शेतकरी बायकोला घेऊन आला. तिच्या छातीत धडधड होत होती. डॉक्टरांनी तिला तपासलं, पाळीचं विचारलं आणि बाकावर बसवलं. मग त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. तो घामानं निथळत होता आणि जबडा चोळत होता. डॉक्टरांनी त्यालाच खाटेवर झोपवलं.

तो म्हणाला, "साहेब, मी त नुसता गाडी हाकून आलो. बिमार ते आहे."

डॉक्टर म्हणाले, "तिच्या हृदयाला राखणदार आहे. तुझ्या नाही."

मग आम्हाला समजावलं. पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात एक रस भरपूर तयार होतो, इस्ट्रोजेन त्याचं नाव. तो हृदयाच्या नळ्या राखतो, असं मोठे डॉक्टर मानू लागले आहेत. पुरुषाला ती राखण नाही.

नवरा तीन आठवडे खाटेवर होता. जाताना गाडी बायकोनं हाकली. तो मागं तणसावर पडून डावीकडे घे, उजवीकडे घे, सांगत होता. फाटकातून निघताना तिनं मान वळवली. "चूप पडून राहा. राखणदार मी आहो."

*

ही गोष्ट बांबूच्या एका ठेकेदाराच्या कानावर गेली. त्याचा बाप आणि मोठा भाऊ दोघंही छातीच्या दुखण्यानं गेले होते. तो डॉक्टरांना म्हणाला, बायकांचा रस मला द्या. डॉक्टरांनी नाही म्हटलं. पैसेवाल्याला नाही ऐकायची सवय नसते. त्यानं नागपूरहून परस्पर गोळ्या मागवल्या आणि दोन महिने खाल्ल्या.

दिवाळीआधी पोरीच्या लग्नासाठी कोट शिवायला तो शिंप्याकडे गेला. शिंपी म्हातारा, अदबीचा. त्यानं छातीवरून फीत फिरवली. परत फिरवली. मग हळूच विचारलं, "शेटजी, कोट तुमचाच शिवायचा आहे ना?"

त्याच दिवशी उरलेल्या गोळ्या ठेकेदारानं दवाखान्यात आणून टाकल्या. डॉक्टर इतके रागावले की त्याला पाणीही विचारलं नाही.

*

तिसरा किस्सा पौषातला. पन्नाशीची एक सासू कडाक्याच्या थंडीत लुगड्याचा पदर टाकून अंगणात झोपायची. म्हणायची, अंगातून आग निघते. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही लागलं. त्यांनी भगत बोलावला. तो निंबू घेऊन आला. आमच्या नर्सबाईला कळलं तेव्हा त्या तिथं गेल्या आणि म्हणाल्या, हिची पाळी बंद झाली, अंगातला रस आटला, म्हणून वाफा येतात. भूतबीत काही नाही.

सासूनं ऐकून घेतलं. मग भगताला म्हणाली, "निंबू ठेवून जा. सरबत करतो."

डॉक्टरांनी मात्र तिचं हृदय नीट तपासलं. म्हणाले, रस आटला की राखण गेली. तेव्हापासून त्यांचा नियमच झाला. छातीचं सांगत बाई आली की नर्सबाईंनी आधी पाळीचं विचारायचं. चालू असेल तर घाई नाही. बंद असेल तर खाट.

*

जनाबाईला नर्सबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, चालू आहे. सोबतच्या बायकांनी साक्ष दिली. दर महिन्याला ती चार दिवस मागच्या पडवीत बाहेर बसते. पाण्याला शिवत नाही, चुलीला शिवत नाही. सगळ्या वस्तीनं पाहिलेलं.

मला माहीत होतं ते वस्तीला माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा तिला आणि तिच्या नवऱ्याला नागपूरच्या दवाखान्यात मीच नेलं होतं. तिथल्या सर्जननं माझ्यासमोर सांगितलं, दोन्ही अंडाशयं काढली, पाळी आता येणार नाही. येताना गाडीत जनाबाईनं नवऱ्याला आणि मला शब्द द्यायला लावला होता, गावात बोलायचं नाही. मी सहा वर्षं बोललो नव्हतो.

आता शब्द पाळला तर बाई जाणार. दोन दिवस मी पट्ट्या बांधल्या आणि विचार केला. तिसऱ्या दिवशी दार लावून डॉक्टरांना सगळं सांगितलं.

डॉक्टर चिडले. "ड्रेसर, तू पट्टी बांध. अख्खी वस्ती सांगते, ती दर महिन्याला बसते."

मी म्हटलं, "बसते साहेब. बसायला पाळी लागत नाही."

डॉक्टर उठून उभे राहिले.

*

तिला परत बोलावलं. खोलीत डॉक्टर, नर्सबाई आणि मी. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलो नाही.

डॉक्टरांनी विचारलं, पाळी नाही तर बसतेस कशाला?

तिनं नजर डॉक्टरांकडे वळवली. मग म्हणाली, "साहेब, पहाटे जाळं, मंग बाजार, मंग चूल. महिन्यात चार दिवस पाठ टेकायले भेटते. ते काऊन सोडू?"

नर्सबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मले पहिले सांगतलं असतं त मी बी बसली असती."

*

वडशापर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे. जनाबाई, तिचा नवरा आणि मी. सबंध प्रवासात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. नागपूरला यंत्रानं तिच्या हृदयाची रेघ कागदावर काढली. तिथले मोठे डॉक्टर रेघ पाहून म्हणाले, अजून पंधरा दिवस टोपली उचलली असती तर बाई हाती लागली नसती. मग त्यांनी आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, हे ओळखलं कोणी?

चिठ्ठीत डॉक्टरांनी खरं तेच लिहिलं होतं. आमच्या ड्रेसरनं.

मोठ्या डॉक्टरांनी मला खुर्ची दिली. मी बसलो. नोकरीत पहिल्यांदा डॉक्टरसमोर बसलो.

जनाबाईला दोन महिने खाट, जिभेखाली ठेवायची गोळी आणि त्या रसाची थोडी मात्रा मिळाली. गुण कशानं आला ते डॉक्टरांनी कधी ठासून सांगितलं नाही. गुण आला, एवढं खरं.

*

आरमोरीला परतल्यावर डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याच्या हातात कागद दिला. त्यावर दवाखान्याचा शिक्का. दर महिन्याला चार दिवस सक्त आराम, पाणी भरणं बंद, चूल बंद. नवऱ्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. त्यानं तो कागद भिंतीला चिकटवला. वस्तीला कारण कळलं नाही. पुढच्या महिन्यात ढिवरांच्या आठ बाया तसलाच कागद मागायला दवाखान्यात आल्या.

*

कार्तिक लागला. नदीचं पाणी उतरलं. एका सकाळी मी घाटावर अंघोळीला गेलो होतो. जनाबाई नावेतून उतरली. टोपलीत मरळ होती, चांगली भरलेली टोपली. नवरा उचलायला पुढं आला तर तिनं हात झटकला आणि टोपली डोक्यावर घेतली.

ती चढण चढू लागली. मी ओल्या अंगानं मागं निघालो. अर्ध्या वाटेत, जिथं ती बसायची, तिथं ती थांबली नाही. तिचे पाय पाहत मी चढत होतो. वर पोहोचलो तेव्हा दम मला लागला होता, तिला नाही.

वैशाखापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. वर उभी राहून तिनं मला येऊ दिलं. टोपलीतली सगळ्यात मोठी मरळ काढून माझ्या हातावर ठेवली.

मी विचारलं, "किती द्यायचे?"

"काई नाई, भाऊ," ती म्हणाली. "पोरीच्या दुधाचं फिटलं. आता आपण बरोबर."

आणि बाजाराच्या वाटेला लागली.