हात? बाहेर!

थप्पीवाल्याला मुकादमाबद्दल फारसं ठाऊक नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. एकाच कागदकापणी यंत्रावर दोघांचे केस पिकले, पण मुकादमाला मुलं किती, तो राहतो कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं. मुकादम हा काही त्याचा हुद्दा नव्हता. तोंडातून शब्द निघेल तर शपथ, म्हणून बाइंडिंगच्या कारखान्यात पडलेलं नाव: "मुका, पण दम आहे!"

त्याचा एक शब्द मात्र ठरलेला. थप्पीवाला कागदाची थप्पी पात्याखाली नीट बसवायचा. मुकादम दांड्याला हात घालून विचारायचा, "हात?" हा हात काढून म्हणायचा, "बाहेर." मगच पातं उतरायचं. ही हाक कोणी डोकं लावून शोधलेली नव्हती. ज्या कारखान्यांत ती नव्हती तिथली आधी बोटं गेली, मग कामगार गेले, मग कारखान्यांनाही कुलपं लागली. हाक उरली ती अशी.

पण हाकेत चौकशी हातांची, पान्याची नव्हे. एका सकाळी थप्पीमागे राहिलेला लोखंडी पाना पात्याखाली आला आणि नव्या पात्याचा तुकडा उडाला. आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून पातं आवळलं होतं. पाना शेवटी कोणाच्या हातात होता, देव जाणे. मुकादमाच्याच असावा, असं थप्पीवाल्याला वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि पाहणं वेगळं.

धाकटे मालक नुकतेच शिकून आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी मुकादमाला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं. तो बाहेर आला तो मान खाली घालूनच. मग थप्पीवाल्याला बोलावलं.

"सोपं आहे," धाकटे मालक म्हणाले. "दोघंही गप्प राहिलात तर पंधरा दिवस बिनपगारी घरी. तू त्याचं नाव घेतलंस आणि तो गप्प राहिला, तर तू कामावर, तो कायमचा बाहेर. त्यानं तुझं घेतलं आणि तू गप्प, तर उलटं. दोघांनी एकमेकांची घेतलीत तर दोघंही गोदामात, अर्ध्या पगारावर."

"त्यानं काय सांगितलं, साहेब?"

"ते कसं सांगू? हिशेब कर की. तो गप्प राहिला असेल तर नाव घेण्यात तुझा फायदा. त्यानं तुझं नाव घेतलं असेल तरी, गप्प राहण्यापेक्षा नाव घेणंच परवडतं. शहाणा माणूस काय करेल?"

हिशेबात खोट सापडेना. सकाळी बायकोनंही हेच सुनावलं होतं, "अहो, नाव घ्या नि मोकळे व्हा. तो तुमचा लागतो कोण?"

"कोणी नाही."

"मग घोडं अडलंय कुठे?"

आता केबिनमध्ये थप्पीवाल्यानं तोंड उघडलं. नाव ओठांवर आलं. टेबलाच्या कडेवर त्याचे दोन्ही हात होते. त्यांच्याकडे त्याची नजर गेली. दहाच्या दहा बोटं. माणूस ठाऊक नव्हता, पण त्याचा प्रश्न ठाऊक होता. मुकादम तापात होता तेव्हा विचारला गेला, मालकांनी घाई केली तेव्हाही विचारला गेला. एकदाही चुकला नाही.

"पाना कोणी ठेवला, मला ठाऊक नाही," तो म्हणाला.

"विचार करून बोलतोयस ना?"

"नाही, साहेब. विचार केला असता तर दुसरंच बोललो असतो."

धाकटे मालक खुर्चीला टेकले. पेन बोटांत फिरत राहिलं. थप्पीवाल्याला बायको आठवली. घरी जाऊन सांगायचं काय?

"शहाणे आहात की मूर्ख, कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "दोघंही. जा, पंधरा दिवस तोंड दाखवू नका."

दोघंही! तो शब्द कळायला त्याला जिना उतरावा लागला. खाली मुकादम चपला घालत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते आपापल्या वाटेनं घरी गेले.

पुढं कितीतरी वर्षं त्यांनी त्या यंत्रावर कागद कापला. तो विषय निघाला नाही. एका संध्याकाळी शेवटची थप्पी लागली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुकादम आलाच नाही. झोपेतच गेला म्हणे. त्या संध्याकाळी बोलणं झालं ते एवढंच.

"हात?"

"बाहेर."