एकहाती मोटारसायकल

काकांचं अख्खं आयुष्य लेथ मशीनसमोर उभं राहण्यात गेलं. कारखान्यात त्यांना सगळे 'अर्धासूत' म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि या जगातली कुठलीही वस्तू काकांना निदान अर्ध्या सुताने चुकलेली दिसायचीच. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तर काकांनी आभार मानायच्या आधी त्याचं मागचं झाकण उघडून पाहिलं. असा माणूस घरात असला की बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात. बाकीचे म्हणजे काकू. मुलगी लग्न होऊन वेळीच निसटली होती.

अकरा वर्षांपूर्वी काकांनी एका बंद पडलेल्या गॅरेजमधून तीन पोती आणली. पोत्यांत एक जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल होती, असं काकांचं म्हणणं. काकूंना भंगार दिसत होतं. "अगं, असल्या गाड्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात," काका म्हणाले. "त्यातली एक आपल्याच बाहेरच्या खोलीत कशाला?" काकूंनी विचारलं. काका तोवर पोत्यात शिरले होते.

मग अकरा वर्षं ती गाडी बाहेरच्या खोलीत राहिली. सोफा गेला, पाहुणे गेले, गाडी राहिली. जो भाग मिळाला नाही तो काकांनी लेथवर स्वतः केला, आवडला नाही म्हणून फेकला आणि पुन्हा केला. आणि काकू? काकूंनी टॉर्च धरला. इंजिनाच्या पोटात उजेड पाडायला तिसरा हात लागतो, तो काकूंचा. "हलवू नकोस!" हे वाक्य त्यांनी अकरा वर्षांत इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही त्यांचा हात हलेनासा झाला. त्यांनी पलीकडून पाना धरला. बेअरिंग बसवायला केसिंग ओव्हनमध्ये तापवून दिलं आणि बेअरिंग फ्रीजरमध्ये आकसायला ठेवलं. तेव्हापासून त्या घरातल्या बर्फाला ऑइलचा वास येतो. गाडीचं मॅन्युअल परक्या भाषेत होतं. तेही काकूंनीच डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. क्लचची एक प्लेट उलटी बसलीय, हेही त्यांनी सांगितलं होतं. काकांनी ते तीन आठवड्यांनी स्वतःच शोधून काढलं.

गाडी शेवटी चालू झाली. लाल टाकी, खाली वाकलेलं हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट. तिच्याकडे पाहून काका एकदाच म्हणाले, "बरोबर आहे." अर्ध्या सुताचीही चूक निघाली नाही.

आणि त्या पहिल्याच किकनंतर काकांच्या गुडघ्याने दावा साधला. एकाच सिलिंडरचं ते मोठं इंजिन, त्याला बटण नाही, फक्त किक. ती किक मारायला गुडघ्यात दम लागतो, आणि काकांच्या गुडघ्यातला दम लेथसमोर उभं राहण्यात संपला होता. जी गाडी आपण बांधली ती आपल्याला चालू करता येत नाही, हे काकांच्या जिव्हारी लागलं. हे कुणाला कळण्याआधी गाडी विकायची, असं त्यांनी ठरवलं. काकूंना सांगितलं, "तुला खोली मोकळी हवी ना? घे." गुडघ्याचं काकूंना ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता. नवऱ्यांचे बरेच समज असतात.

जाहिरात काकांनी स्वतः लिहिली. 'विकणे आहे. दुर्मीळ जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल. बांधणीनंतर एकहाती वापर. एकहाती दुरुस्ती. दोष विचारल्यास सांगितले जातील.'

काकूंनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"एकहाती दुरुस्ती?"

"अगं, जाहिरातीची भाषा असते ती. एकहाती म्हटलं की भाव येतो."

"बरं," काकू म्हणाल्या.

ज्यांचा संसार झालाय त्यांना हे 'बरं' माहीत आहे. त्यापेक्षा भांडण परवडतं. दुसऱ्या दिवशी काकांनी कार्बोरेटर साफ करायला टॉर्चसाठी हाक मारली, तर आतून उत्तर आलं, "एकहाती धरा." काकांनी टॉर्च दातात धरला आणि त्यात दाताचा एक टवका उडाला.

गिऱ्हाइकं येऊ लागली. पहिला आला तो गाडी सोडून काकांचे हातच पाहत बसला. "काका, जाहिरातीत एकहाती लिहिलंय, मला वाटलं... तुमचे तर दोन्ही हात आहेत!" दुसऱ्याने विचारलं, "सगळं ओरिजिनल ना?" काकांनी कोणते चौदा बोल्ट ओरिजिनल नाहीत ते एकेक करून दाखवले. नवव्या बोल्टला तो माणूस फोन आल्याचं सांगून गेला.

तिसरे आले ते दातांचे डॉक्टर. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण यांनी दांडीचा छोटा आरसा बरोबरच आणला होता. तो इंजिनाखाली घालून त्यांनी गाडी अशी तपासली, की काकांनाही नकळत 'आ' करावासा वाटला. चौदाच्या चौदा बोल्ट त्यांनी ऐकून घेतले, पंधरावा स्वतः शोधला. काका त्यांच्यावर बेहद्द खूश झाले. हाच माणूस, ह्यालाच द्यायची.

"आता चालू करून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. "इंजिन गार आहे. पेट्रोलही जुनं आहे."

"मग मी मारतो किक."

डॉक्टरांनी किक मारली. गाडीने ती परत केली. डॉक्टर जमिनीवर बसलेले दिसले. आता इभ्रतीचा प्रश्न आला. काकांनी पाय ठेवला, श्वास घेतला, आणि 'कट्' असा आवाज झाला. तो गाडीचा नव्हता. काका टाकीला धरून उभे राहिले, डोळ्यांत पाणी आलं होतं. दुखण्याचं थोडं आणि लाजेचं जास्त.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू हात पुसत आल्या. "सरका," म्हणाल्या. त्यांनी पेट्रोलची चावी उघडली. कार्बोरेटरची कळ दाबली, थेंब येईपर्यंत. किक हळूच दाबून पिस्टन वर आणला, केसभर पुढे ढकलला, आणि मग अख्खं वजन टाकलं. एका किकमध्ये गाडी अशी गरजली, की साहेबांचं घड्याळ खिळ्यावर नाचायला लागलं.

"तू कधी शिकलीस?" काकांनी ओरडून विचारलं.

"मॅन्युअल कोणी वाचलं?" काकूही ओरडल्या. "आणि गुडघा लपवत होतात ना? सकाळी भिंतीला धरून 'आई गं' कोण म्हणतं, शेजारी?"

काकूंनी गाडी बंद केली. डॉक्टर पँट झटकत म्हणाले, "घेतली. एकहाती आहे, तेव्हा तुम्ही सांगाल तो भाव."

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या ओट्याकडे परत निघाल्या होत्या.

"डॉक्टर, एकहाती नाही ती," काका म्हणाले. "मी खोटं लिहिलं."

डॉक्टर दचकले. "म्हणजे आणखी एक मालक आहे? कागदावर?"

"कागदावर मीच आहे. पण दुरुस्ती दोघांची आहे. अकरा वर्षं ही माझ्या शेजारी बसलीय, आणि मी साधं नाव घातलं नाही."

काकू दारातच थांबल्या. डॉक्टर बिचारे व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "दोन हातांची म्हटली की बाजारात भाव उतरतो, काका."

"उतरू दे."

"का म्हणून उतरू दे?" काकू गर्रकन वळल्या. "अकरा वर्षं काय फुकट टॉर्च धरला? डॉक्टर, भाव तोच. वर किक शिकवून देईन."

गाडी त्याच भावाने गेली. खोलीत फरशीवर ऑइलचा एक डाग उरला. काकूंनी सोफा आणला, पण डागावर नाही ठेवला. काका दिवसभर त्या डागाच्या आसपास घुटमळत, आणि सोफा अर्धा सूत वाकडा आहे असंही म्हणत नसत. काकूंना त्याचीच काळजी वाटायला लागली.

पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला.

"काका, काकू आहेत का?"

"मी बोलतोय ना. गाडी मी बांधलीय!"

"हो हो. पण काकूंनाच द्या जरा. ती चालूच होत नाहीये."

दोघं डॉक्टरांकडे गेली. दवाखान्यामागच्या शेडमध्ये गाडी उभी होती. काका सवयीने पुढे झाले, खाली बसायला गेले, आणि गुडघा बोलला. काकूंनी त्यांना स्टूल दिलं, स्वतः जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि इंजिनाखाली डोकं घातलं. मग पिशवीतून टॉर्च काढून काकांच्या हातात दिला.

काकांनी टॉर्च धरला. तो किती जड असतो, हे त्यांना तेव्हा कळलं.

"अर्धा सूत डावीकडे," काकू आतून म्हणाल्या. "आणि हलवू नका."